आषाढातलं ऊन

त्या सकाळी हे दवाखान्यातून एकटेच परत आले. हातात शालूवन्संची कापडी पिशवी होती. मी ती घेतली, नेहमीपेक्षा हलकी लागली, आणि विचारायचं काही उरलंच नाही... काविळीने तीन आठवड्यांत त्यांना नेलं.

शालूवन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. लग्न केलं नाही, पनवेलला आमच्याकडेच राहिल्या. नेऱ्याच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. जीभ तिखट, पण दुसऱ्याचं ऐकून घेणारे कान त्यांच्याइतके मी कुणाचे पाहिले नाहीत. आमच्या घरात डोकेदुखीला मान नव्हता. ताप थर्मामीटर दाखवतो, डोकं दुखतं ते दाखवणार कसं? माझं अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, उलटी व्हायची, सासूबाई म्हणायच्या, "कामाच्या वेळीच बरं दुखतं!" मग मी गोळी गिळून कणीक मळायला बसायची. आधी एक, मग रोज दोन.

एक दिवस वन्संनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने लाल-निळी पेन्सिल बांधली. "वहिनी, दुखेल त्या दिवशी निळी फुली मारायची. आणि कशामुळे वाटतं तेही लिहायचं. झोप, जेवण, ऊन, रडणं, जे असेल ते." दोन महिन्यांनी पाहिलं, तर बहुतेक फुल्या गुरुवारी आणि चतुर्थीला. उपासाच्या दिवशी मी पाण्याचा घोटही कमीच घ्यायची. "देवाला तुमचं डोकं नकोय हो," त्या म्हणाल्या, "उपास करा, उपाशी राहू नका." रोजची गोळीच पुढे डोकं दुखवायला लागते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. डॉक्टरांना विचारून गोळ्या कमी केल्या. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, माझ्या वाट्याच्या पोळ्या त्यांनी लाटल्या. दुखणं गेलं नाही, पण फुल्या विरळ झाल्या.

एका बाबतीत मात्र मी खोटं लिहायची. रडून डोकं दुखलं की 'ऊन' लिहायची. एकदा बाहेर पाऊस कोसळत होता, वन्संनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, आषाढात ऊन कुठून आणलंत?" मी हसले. त्या हसल्या नाहीत, आणि त्यांनी पुढे विचारलंही नाही.

माझी वृंदा नऊ वर्षांची असताना तिचं डोकं दुखायला लागलं, तेही दर शनिवारी. मला वाटलं, सकाळची शाळा चुकवायला सोंग करते. मी माझीच अर्धी गोळी तिला द्यायची आणि पाठवायची. एका शनिवारी तर थोबाडीत दिली. वन्संनी तिला अंधाऱ्या खोलीत निजवलं, कुठे दुखतं ते बोटाने दाखवायला लावलं आणि लाल फुली तिलाच मारू दिली. मग स्वयंपाकघरात आल्या. "मोठ्यांची गोळी मोडली म्हणजे मुलांची होत नाही. आणि वहिनी, तुमचं दुखणं कुणी खरं मानत नव्हतं, तेव्हा कसं वाटायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर शनिवारी नुसत्या चहावर शाळेत जात होती. डोळे तपासून घेतले, दूध-पोळी खाऊन पाठवू लागले, शुक्रवारी लवकर निजवू लागले, आणि लाल फुल्या थांबल्या. तरी त्यांनी बजावलं होतं, अचानक असह्य दुखलं, तापात मान आखडली, बोलणं अडखळलं, तर फुली मारत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

दहाव्याला नेऱ्याची एक म्हातारी आली होती. म्हणाली, "डोकं दुकतंय बोललं तं आमच्या घरान कोनी मानीत नाय. बाय मानायची."

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर वृंदा डोकं धरून आडवी झाली. आता ती कॉलेजात आहे. मी खिडकी लावली, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि कॅलेंडरकडे गेले. तिची लाल फुली मारली. माझंही डोकं सकाळपासून ठणकत होतं, म्हणून पेन्सिल उलटी करून शेजारी निळी मारली. "आई, कारण काय लिहितेस?" तिने आतून विचारलं. हात सवयीने 'ऊन' लिहायला निघाला होता. तो थांबवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लिहिलं... रडणं.