दोनदा विचारू नये

शिरगावच्या खाणीवर मी टिपर चालवायचो. खनिज भरायचं, जेटीवर ओतायचं, परत यायचं. माझा हात चांगला होता. इतकी वर्षं गाडी हाकली, कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. नेमक्या त्याच माणसाच्या डोक्यात एका सकाळी किडा शिरला.

वळणावरच्या वडाजवळ चाकाखाली ‘धप्प’ झालं. खड्डाच होता, घरच्या उंबऱ्याइतका ओळखीचा. पण मनात आलं, माणूस असेल तर? आरशात पाहिलं, लाल धुळीशिवाय काही नाही. तरी जेटीपर्यंत ते ‘असेल तर’ कानाशी बसून राहिलं. परतताना उतरलो आणि गुडघे टेकून रस्ता पाहिला. काही नव्हतं. बरं वाटलं. ते बरं वाटणंच घातक होतं, पण तेव्हा मला कोण सांगणार?

महिन्याभरात मी दर खड्ड्याला उतरू लागलो. गाडीखाली शिरायचो, जोडचाकांच्या मध्ये हात घालायचो आणि रक्त लागलंय का बघायचो. हात लालच निघायचा, खनिजाची धूळच लाल! आता सांगा, लाल हातावर रक्त शोधायचं कसं? मागे टिपरांची रांग लागायची, भोंगे वाजायचे. “काय रे, अंडी घालतंस काय थंय?” कुणीतरी ओरडायचा. मीही हसायचो. आणि पुढच्या खड्ड्याला परत उतरायचो.

घरी जेवायला बसलो की बायकोला विचारायचो, “आज कुणाला गाडी लागल्याचं ऐकलंस?”

“नाय हो. कोण मेलो नाय. जेवा आता.”

दोन घास गिळून परत विचारायचो. बिचारी परत सांगायची. शेवटी शेवटी तिचं ‘नाय हो’ ऐकल्याशिवाय घास उतरेना.

आई म्हणाली, “राखणदार कोपलो तो. तू त्येका विसारलंस.” त्या वडाखाली वाटेची राखण करणारा देवचार आहे. येणारा-जाणारा ड्रायव्हर त्याच्यापुढे विडी ठेवतो. मीही ठेवायचो, कधी घाईत राहून जायची. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, तेव्हा आई मला घेऊन गावच्या देवळात कौल लावायला गेली. गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. राखणदाराचाच कोप असेल तर उजवी पाकळी पडू दे. पडली! आईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. कुणीतरी एकदाचं ठाम सांगितलं होतं. वडाखाली जाड भाकरीचा रोट, नारळ, दारू, विडी सगळं ठेवलं. चार दिवस मी राजा होतो.

पाचव्या दिवशी वाटलं, रोट एका कडेला करपला होता का? पाकळी देवाने पाडली की वाऱ्याने? कामावर दांडी मारून एकटाच देवळात गेलो. गुरव माझ्याकडे बघतच राहिला. “देवाक दोनदा इचारूचा नाय,” तो म्हणाला, “कोपता तो.”

झालं! एका भीतीच्या दोन झाल्या. आता दर फेरीला विडी हवी, ती सरळच ठेवलेली हवी. पन्नास पावलं गेलो की परत येऊन बघायचं, सरळ आहे ना.

गुडघे फुटले, त्यात पू झाला, म्हणून डिचोलीच्या आरोग्य केंद्रात गेलो. पट्टी बांधता बांधता डॉक्टरांनी विचारलं, “बसून गाडी चालवणाऱ्या माणसाचे गुडघे असे कसे?” का कोण जाणे, मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. मोठ्या इस्पितळातल्या मनोविकारांच्या विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली. बाहेर येऊन मी ती खिशात कोंबली. वेड्यांच्या डॉक्टरची पायरी आम्ही चढणार? शक्य नाही!

मग ते घडलं. भरलेली गाडी उतारावर सोडून मी खाली शिरलो होतो, आणि घाईत हँडब्रेक नीट ओढला नव्हता. मी माणूस शोधत असताना चाक हललं. वीतभरच हललं. पण माझ्या डोक्याचा पंचा चाकाखाली गेला आणि तिथेच राहिला. इतके दिवस शोधत होतो तो माणूस चाकाखाली होता, आणि तो मी होतो. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन चिठ्ठीसकट इस्पितळ गाठलं.

डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान. त्यांनी विडी-कौलासकट सगळं ऐकून घेतलं. “ह्याला ओसीडी म्हणतात, मंत्रचळ,” त्या म्हणाल्या. “आजार आहे, उपचार आहेत. गोळ्या देते, आणि मागे वळून बघायची सवय आपण हळूहळू मोडू.”

“पण मी कुणाला मारलेलं नाही ना? नक्की?”

“गुरवाने दुसऱ्यांदा सांगितलं नाही, मीही सांगणार नाही.” मग बायकोकडे वळून म्हणाल्या, “तुम्हीही नाही. विचारलं तर ‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं.”

बायको भडकली. “माणूस रडता आणि मी गप बसू?”

“तुमचं ‘नाय हो’ म्हणजे त्यांची ती विडी आहे. रोज ठेवाल, रोज लागेल.”

आधी दर फेरीला एकदाच उतरायचं, मग फक्त आरशात बघायचं, मग तेही नाही. घाम फुटायचा. बाईंना मनातल्या मनात शिव्या घालायचो. पण महिने गेले तसा मी वडावरून सरळ जाऊ लागलो.

आणि एका दुपारी वडाजवळ ‘धप्प’ झालं. खड्डा मागे पडला होता. हा आवाज खड्ड्याचा नव्हता, मऊ होता. तरी मी थांबलो नाही. घरी येऊन बायकोला वडाजवळचं सांगितलं आणि विचारलं. बायको पाठमोरी होती.

“माहीत नाय,” ती म्हणाली.

सकाळी वडाखाली ताजा नारळ आणि जास्वंदीची फुलं होती. ड्रायव्हर ठेवतातच. पण फुलं? कुणी गेलं त्या जागी ठेवतात तशी? मागून भोंगा वाजला. मी रडत रडत गाडी पुढे काढली.

पुढे खाणी बंद पडल्या, रस्ता रुंद झाला, वडही गेला. गोळ्या कमी होत होत सुटल्या. परवा जेवताना सहज म्हटलं, “तुका आठवता गे तो वडाकडचो दिस?”

“आठवता,” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “दुसऱ्या दिसा तुमी कामार गेल्यार मी गेललंय थंय. बघून इलंय.”

इतकी वर्षं ती हे पोटात ठेवून होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती ताटात बघत होती. एक शब्द विचारला असता तर तिने सांगितलं असतं, बरं-वाईट जे असेल ते.

“कढी वाढ,” मी म्हटलं.