चार दिवसांची आघाडी

माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे: ‘पहिल्या वर्षीची चाचणी तांत्रिक कारणामुळे बाद केली.’ ते तांत्रिक कारण म्हणजे मी. दोघी सोडल्या तर इतकी वर्षं कुणाला बोललो नाही. आता सांगूनच टाकतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हायडेलबर्गला मी पीएचडी करत होतो. विषय कापूस, आणि तोही उशिरा पेरलेला. पाऊस लांबला, पेरणी मागे गेली, तर थंडीच्या आत कुठल्या वाणाची बोंडं फुटतात? काचघरात जुलैत सहा वाणं लावायची, दिवस लहान होतील तसं हीटिंग कमी करत न्यायचं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर बंद. तोवर फुटलेलं बोंड मोजायचं, हिरवं राहिलं ते गेलं.

सहांतलं एक वाण आमच्या अकोल्याकडचं. त्याची सरकी जुनी, मोजून पंधरा दाणे. उगवलीच नाही तर? त्या धास्तीने मी ती रात्रभर भिजत घातली, ओल्या फडक्यात बांधली आणि घरी फ्रिजच्या मागे ठेवली, जिथे बायको मटकीला मोड आणायची. तिसऱ्या दिवशी पांढरे कोंब! ती पेरली त्याच दिवशी बाकीची पाच वाणं कोरडीच पेरली. वहीत सगळ्यांपुढे पेरणीची एकच तारीख लिहिली, भिजवल्याचं लिहिलं नाही.

तेव्हा मनात खरंच खोट नव्हती. ती नंतर आली.

आमचं वाण सगळ्यांच्या चार दिवस आधी फुललं आणि मला वेड लागायचं बाकी राहिलं. सकाळी काचघराचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ, तसाच चाचपडत कुंड्यांपाशी जायचो. काल दुधी असलेलं फूल आज गुलाबी! हीटिंग बंद झालं तेव्हा आमची खालची बोंडं उमललेली, बाकीच्यांची अजून मिटलेली. माझ्या प्रोफेसरबाईंनी माझा हात धरून गदागदा हलवला. ते चार दिवस कुठून आले, हे मला तेव्हाच कळत होतं. मी हसत राहिलो.

जानेवारीत बाईंनी पत्राचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. विदर्भातल्या एका कापूस संशोधन केंद्राला आमच्या वाणाची शिफारस करायची होती. पाऊस लांबला तर लोक त्या शब्दावर पेरणार होते.

घरी बायकोला सांगितलं. ती मटकीच निवडत होती.

“अहो, मोड आले की शेजारच्या जर्मन आजींना वाटी नेऊन दाखवता. आणि हे सांगायला तोंड शिवलंय का?”

“डिग्री जाईल गं.”

“आणि लोकांचा हंगाम गेला तर? ते काही फ्रिजच्या मागे पेरणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचा मसुदा पुढे ओढला.

“आल्झो,” म्हणजे ‘तर मग’, त्या म्हणाल्या, “किती तास भिजवलं?”

“रात्रभर. मग दोन दिवस फडक्यात.”

त्यांनी मसुदा फाडला. “जुलैत परत. सगळी सरकी कोरडी. केंद्राकडून ताजी मागवा. कुंड्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर. यादी माझ्या कपाटात राहील.” माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाल्या, “आणि मोजणी तुम्हीच कराल.”

मला वाटलं होतं, पानांवरून ओळखेन. नाही ओळखता आलं! त्या वर्षी मी पहिल्यांदा नुसता कापूस पाहिला. पाच नंबर बुटका, पण पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लवकर धरली आणि एकही गाळली नाही. दोन नंबर नुसताच वाढत होता. त्याला मी तोंडावर ‘ऐदी’ म्हणायचो. हीटिंग बंद व्हायला एकच दिवस होता आणि त्या सकाळी पाचची खालची बोंडं तडकलेली दिसली. तसाच चिखलाच्या बुटांनी धावत वर गेलो.

“पाच! पाच फुटला!”

बाईंनी यादी काढली. पाच हे भलतंच वाण होतं, आमच्या भागात कुणी न लावलेलं. आमचं होतं दोन, माझा ऐदी.

मी इतक्या मोठ्याने हसलो की बाई घाबरल्या. “तुम्ही ठीक आहात ना?”

“उत्तम आहे,” मी म्हटलं, “पत्र आत्ताच लिहू या.” त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, आणि त्या परक्या वाणाचं नाव मी एकेक अक्षर तपासत टाइप केलं.