सागवानी दाराची फिर्याद

शेजारच्या काकांनी सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध दार चोरल्याची रिपोर्ट लिहवली, तोवर मी कोर्टाची पायरी चढलो नव्हतो. मी बालाघाटात, जिथे कोर्टाची भाषा हिंदी, एका शाळेत गणित शिकवायचो.

दार सागवानाचं, काकांच्या वडिलांच्या लांजी गावच्या घरचं, पुढे काकांच्या घराला लागलेलं. काकांनी नवं लोखंडी दार बसवलं आणि जुनं काढून समोरच्या रस्त्यावर कडुलिंबाला टेकवून ठेवलं. सकाळी मी दात घासत उभा असताना त्यांचे जावई, म्हणजे बहिणीचा नवरा, हातठेला घेऊन आले आणि दार चढवू लागले.

"काकांना विचारलं का?" मी म्हणालो.

"बायकोच्या बापाचं दार हाये. विचाराचं काहून?"

दुपारपर्यंत दोन गल्ल्या पलीकडच्या त्यांच्या घराला ते बसलंसुद्धा. काका तडक पोलीस थाण्यात गेले. दोन पोलीस आले, त्यांनी बिजागऱ्या उचकटून दार जप्त केलं. पंचनाम्याला दोन माणसं हवी होती, त्यात मी एक. माझ्या सहीची चिठ्ठी दारावर चिकटवली गेली आणि दार थाण्यात गेलं.

जावयांच्या घराला आता नुसती चौकट उरली. बहिणीने चादर टांगली. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी टोपलीतल्या पोळ्या खाल्ल्या, तेव्हा ती लेकरं घेऊन भावाकडे आली.

"दादा, घराले दार नाही. आता इथंच राहीन."

काकांनी तिची पिशवी आत घेतली. संध्याकाळी जावईही जेवायला आले. काकांनी त्यांना स्वतः वरण वाढलं. मग ते रोजचंच झालं. फरियादी वाढायचा, आरोपी जेवायचा. कोर्टाच्या पेशीलाही, म्हणजे तारखेला, दोघं एकाच मोटरसायकलवर जायचे, कारण पेट्रोल दोनदा जाळायचं नाही असं बहिणीने सांगितलं होतं.

काही दिवसांनी कोर्टाने दार काकांच्या ताब्यात दिलं, सुपुर्दनाम्यावर. विकायचं नाही, तोडायचं नाही, बदल करायचा नाही, बोलावलं की हजर करायचं. काकांनी ते ताडपत्रीत गुंडाळून मागच्या खोलीत उभं केलं.

"जावयांकडे बसवून टाका," मी सुचवलं. "बहीण तरी घरी जाईल."

"कोर्टाचं हाये ते, मास्तर. खिळा ठोकला तं मीच आत जाईन."

शेवटी सगळेच कंटाळले आणि समझोता करायचं ठरलं. तेव्हा जावयांच्या वकिलांनी समजावलं, की साधी चोरी असेल तर मालक माफ करू शकतो. घरातून चोरी असेल तर नाही. तिथे मालकाची इच्छा चालत नाही, खटला सरकारचा. आणि रिपोर्टमध्ये "मकान का दरवाज़ा" असं लिहिलेलं असल्याने कलम घरातल्या चोरीचं लागलं होतं. म्हणजे दार घरात होतं की बाहेर, यावर सगळं अडलं. आणि ते पाहणारा मी एकटा.

माझ्या साक्षीच्या दिवशी दार मालवाहू टेम्पोतून कोर्टात आणलं आणि व्हरांड्यात भिंतीला टेकवलं. एका म्हाताऱ्या पक्षकाराने त्याच्यासमोर उभं राहून आत कोणते साहेब बसतात ते मला विचारलं.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी विचारलं, "दरवाज़ा घर के अंदर था या बाहर?"

"बाहर, सर. दरवाज़े के बाहर."

"कौन से दरवाज़े के?"

"नए वाले के."

"तो पुराना दरवाज़ा मकान का हिस्सा नहीं था?"

"लगा था तब तक था, सर. उस दिन पेड़ से टिका था."

न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पेड़ आँगन में है?"

"नहीं सर, सड़क पर. नगरपालिका का."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोललो नव्हतो, तरी मान खाली गेली. मग त्यांनी माझं म्हणणं लिहवून घेतलं.

पुढच्या पेशीला कलम साध्या चोरीचं झालं, काकांनी समझोत्यावर सही केली आणि जावई सुटले. बाहेर टपरीवर आम्ही चौघं चहा घेत होतो. जावयांनी वकिलांना विचारलं, "म्हणजे मी चोरी केलीच नाही, असं कोर्टानं म्हटलं ना?"

"समझोता झाला की दोषमुक्त. कायद्याने निर्दोष," वकील म्हणाले.

काकांनी कप ठेवला. "चोरी केलीच. मी माफ केली."

"माफ काहून? कोर्ट म्हणते निर्दोष."

"मंग मी काय खोटी रिपोर्ट लिहवली?"

दोघंही वकिलांकडे वळले. वकिलांना तेवढ्यात दुसऱ्या कोर्टातून पुकारा आला आणि ते अर्धा चहा सोडून निघाले. काका मोटरसायकल घेऊन एकटेच गेले. जावई माझ्याबरोबर पायी आले, आणि निर्दोष आणि माफ यांत फरक काय ते मला घरापर्यंत विचारत राहिले. कोर्टातून परत आलेलं दार अजून काकांच्या मागच्या खोलीत, ताडपत्रीतच होतं.