काहूनचा रकाना

प्रताप नगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत सगळ्यात जुना प्रोग्रॅम भाऊंचा. पॅथॉलॉजी लॅबमधले रक्ताचे रिपोर्ट त्यातून निघायचे. त्यातल्या खाचाखोचा फक्त भाऊंच्या डोक्यात होत्या. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं आधी त्यांचं तोंड उघडेनासं झालं, मग डॉक्टरांनी जीभ काढायची तारीख दिली. हातात तीन आठवडे होते. त्यांनी सगळं लिहून ठेवायचं आणि कोणत्या मार्कअपमध्ये, म्हणजे मजकुराला खुणा लावायच्या कोणत्या भाषेत, ते मी ठरवायचं.

भाऊंना साधी भाषा हवी होती. ओळीआधी चांदणी टाकली की मुद्दा झाला, बाकी सरळ लिखाण. मला ते पोरकट वाटलं. मी नवा होतो; उथळ पाण्याला खळखळाट फार. मी कंसांच्या खुणांची कडक भाषा धरून बसलो: प्रत्येक खूण उघडायची, प्रत्येक बंद करायची आणि मजकूर ठरलेल्या दोन रकान्यांतच, 'काय' आणि 'कसं'. या वादात एक आठवडा गेला. मग भाऊंनी माझं ऐकलं आणि एवढंच विचारलं,

"यात काहून कुठं लिहू?"

काहून म्हणजे का. कारणं कोणी वाचत नाही, असं मी म्हणालो. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

ते तोंडाला रुमाल लावून टाइप करत बसायचे. बंद न झालेल्या खुणांची यादी संगणकच काढून द्यायचा. ती मी त्यांच्या टेबलावर ठेवायचो. मजकूर वाचायचो नाही.

ऑपरेशननंतर भाऊ परतले नाहीत. पाचव्या महिन्यात गेले.

पुढे एका लॅबनं विचारलं, प्रोग्रॅम मशीनचा पहिला आकडा सोडून दुसराच का घेतो? भाऊंच्या फाइलवरून तयार झालेल्या पानावर उत्तर नव्हतं. म्हणून मी पहिल्यांदाच मूळ फाइल उघडली. पानावर न दिसणाऱ्या टिपांसाठी त्या भाषेत वेगळी खूण असते. भाऊंनी प्रत्येक रकान्याखाली ती वापरली होती. 'हे काहून: मशीन कधी कधी मागच्या पेशंटचा आकडा देते.' असं पानोपानी. शेवटच्या टिपेवर ऑपरेशनच्या चार दिवस आधीची तारीख होती.

'विचारून घे गा. तोंड आहे तोवर.'

त्या चार दिवसांत मी त्यांच्याशी एकदाच बोललो होतो. एक खूण बंद करायची राहिली, हे सांगायला.