पांढऱ्या फ्रॉकमधला मुलगा

ड्रेस्डेनला आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहायच्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरलं की समोरच त्यांच्या आजोबांच्या लहानपणचा कुटुंबफोटो दिसायचा. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हाचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरांत. मागे पडद्यावर रंगवलेली बाग, पायाखाली कुठल्याशा जनावराची केसाळ कातडी आणि तिच्यावर खुर्चीत बसलेली आई आणि ओळीनं उभी केलेली चार मुलं. कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. तेव्हा फोटो काढताना हलायची सोय नव्हती हे मला ठाऊक होतं, तरी भाडं द्यायला गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

त्या वर्षी मला आठवा महिना होता. हे आमचं दुसरं बाळ. पहिला मुलगा दोन वर्षांपूर्वी इथल्याच हॉस्पिटलात सातव्या महिन्यात जन्मला आणि दोन दिवस जगला. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. नवरा चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, त्याला न बोलायला निमित्त लागत नाही. सासूबाई बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या त्याही त्याचं नाव न काढता आल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि मग पंधरा दिवस फक्त स्वयंपाक केला.

त्यांची एकच अट होती. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत घरात नवं काही घ्यायचं नाही, आणि त्याच्या अंगावर पहिलं कापड चढेल ते जुनं असेल. तेही कुठलंही जुनं चालणार नव्हतं. धडधाकट जगलेल्या मुलाच्या अंगचं हवं. मी फिजिक्सची एमएस्सी. मी म्हटलं, चालेल.

एका रविवारी दुपारी मालकीणबाईंनी आम्हा दोघींना कॉफीला बोलावलं. सासूबाई केकला हात न लावता फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही धाकटी गोड आहे," त्या म्हणाल्या. आईच्या गुडघ्याला टेकून उभं असलेलं मूल दाखवत होत्या. पांढरा लांब फ्रॉक, त्याला चुण्या आणि लेस, पायांत बटणांचे बूट.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं तशा मालकीणबाई हसल्या. "नाइन, नाइन. नाही हो, तो मुलगा आहे. भांग बघा, बाजूला पाडलाय. मुलींचा मधोमध. आणि हातात चाबूक आहे, लाकडी घोड्याचा." शेजारचा खलाशी कॉलरच्या सुटातला मोठा, तो त्यांचा आजोबा. त्या काळी सगळेच मुलगे चार-पाच वर्षांचे होईतो फ्रॉकमध्ये असत. मग एक दिवस पहिली विजार मिळायची आणि फोटो काढायचा.

मी "मुलगा आहे" एवढंच मराठीत सांगितलं होतं, तोवर सासूबाईंचा चेहरा उजळला.

"अगं, म्हणजे यांच्याकडेही करतात! तुझ्या सासऱ्यांना असंच वाढवलं. आधीचे दोन गेले होते ना. नाक टोचलं, पाच वर्षं परकर नेसवला, हाक मारायची तीही मुलीसारखी. म्हणून तर राहिले." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "यालाही लपवून ठेवलंय बिचाऱ्याला."

पंधरा दिवसांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. मालकीणबाईंना शब्द कळले नाहीत, पण कौतुक कळलं. त्या उठल्या, कपाटाच्या खालच्या खणातून पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर उलगडलं. तोच फ्रॉक. युद्धात बाँब पडून शहर जळालं तेव्हा ही ट्रंक खेड्यातल्या नातेवाइकांकडे होती म्हणून वाचली.

"विचार ना," सासूबाई माझा दंड धरून म्हणाल्या, "बाळाला घरी आणताना घालायला देतील का? मी कापणार नाही. धावदोऱ्यानं दुमडून लहान करीन."

मी विचारलं. मालकीणबाईंनी फ्रॉकची लेस बोटांनी सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे... तुम्हाला चालेल? हा छोटा पुढच्याच हिवाळ्यात गेला. दोन वर्षं सात महिन्यांचा होता. त्यानंतर हा कुणी घातलेला नाही." आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, घटसर्प कुठे होतो ते दाखवायला.

"काय म्हणतात?" सासूबाईंनी त्या हाताकडे पाहून विचारलं. "गळ्यात ताईत बांधला होता का त्याच्या?"

"हो," मी म्हणाले.

हे मी का केलं ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. त्यांचा तो आनंद मोडवला नाही, हे खरं. पण त्याहून खरं हे की आठव्या महिन्यात ते वाक्य मराठीत माझ्या तोंडून निघेना. जर्मनमध्ये ऐकताना ती कुणाची तरी जुनी हकीगत होती. मराठीत ती माझ्या घरात आली असती. मालकीणबाईंना मी सांगितलं की आम्हाला चालेल, उलट आवडेल. त्यांचे डोळे भरून आले. एका दुपारात मी दोन म्हाताऱ्यांना फसवलं.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, "कॉटन आहे ते. शंभर वर्षांत दहा वेळा धुतलं असेल." गेनाऊ, मी म्हटलं. अगदी बरोबर.

पण फ्रॉक आता आमच्या मजल्यावर होता. सासूबाई खिडकीशी बसून त्याच्या चुण्या आत दुमडत, एकेक बारीक टाका घालत. धुऊन हायत्सुंगच्या, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या वर टांगला की गरम हवेनं त्याच्या बाह्या हलायच्या. मी त्या खोलीत जायचं टाळू लागले. एका दुपारी त्यांनी तो माझ्या पोटावर पसरून माप पाहिलं, आणि त्यानंतर बराच वेळ बाळ हललं नाही. आम्ही टॅक्सीनं क्लिनिकला गेलो. पट्टा बांधून ठोके ऐकवले, सगळं नीट होतं. नर्स म्हणाली, झोपलं असेल. सासूबाई म्हणाल्या, "बघ, राखण आहे त्याच्यावर." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. भित्रा माणूस एकदा खोटं बोलला की पुढे रोज बोलतो.

मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, तीन किलोंच्या वर. चौथ्या दिवशी घरी जायचं म्हणून सासूबाईंनी पिशवीतून तो फ्रॉक काढला, इस्त्री केलेला, लहानसा झालेला. बाळाला पलंगावर ठेवून त्याचा एक हात त्यांनी बाहीत घातला. ती बाही त्याच्या मनगटावर बसली, आणि मला भिंतीवरचं ते मूल दिसलं.

"आई, नका घालू!"

मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली.

"ते मूल गेलं होतं," मी म्हणाले. "ताईत वगैरे काही नव्हता. घसा बंद होऊन गेलं. मला पहिल्यापासून माहीत होतं."

मला वाटलं त्या मला बोलतील. बोलायला हवंच होतं. त्यांनी बाळाचा हात अलगद बाहीतून सोडवला, त्याला आपल्या पदरात गुंडाळलं आणि छातीशी धरलं.

"केवढं होतं?"

"दोन वर्षं सात महिने."

"म्हणजे चालत होतं," त्या म्हणाल्या. "आई म्हणत असेल. आपल्याला तर त्याचं रडणंही ऐकायला मिळालं नाही."

दोन वर्षांत आमच्या पहिल्या मुलाबद्दल घरात बोललेलं हे पहिलं वाक्य. मी ओंजळीत तोंड लपवून रडले. बाळ हॉस्पिटलच्या दुपट्यातून घरी आलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फ्रॉकचे सगळे टाके उसवले, तो धुतला आणि स्वतः खाली नेऊन दिला. मालकीणबाईंना काय सांगितलं कुणास ठाऊक. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासभर वर आल्या नाहीत.

व्हिसा संपला तशा त्या परत गेल्या. मी मात्र मोजत राहिले. मुलाला साधं पडसं झालं तरी चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून घसा बघायचा. लसी सगळ्या वेळच्या वेळी टोचलेल्या, पुस्तिकेत शिक्के होते, मी ते पुनःपुन्हा वाचायची. तो चालू लागला, बोलू लागला, तेही जर्मन, आणि मी आनंद जपून करत होते. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तो पुन्हा कॉटनच म्हणाला असता.

दोन वर्षं सात महिने झाले त्या दिवशी मी त्याला किंडरगार्टनला पाठवलंच नाही. दिवसभर त्याच्यामागे फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, दूध मागितलं, सांडलं. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. सासूबाई एरवी फक्त रविवारी करायच्या, आणि तो बुधवार होता.

"उठला का गं?"

"उठला, आई."

पलीकडून त्यांचा हुंदका ऐकू आला.

"तुम्हीपण मोजत होता?" मी विचारलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "तू एकटीच मोजणार होतीस?"