सुभद्राबाईंचं सूप, जमिलाचं मीठ

कुरुळीत पाटील नेमका कोण, यावर वाद होऊ शकत होता. पाटील दोन होते आणि दोघांचं कोर्टात चाललं होतं. पण गावात बाजरी कुणी निवडावी यावर कधी वाद झाला नाही. ती सुभद्राबाईंनीच निवडायची. सूप घेऊन त्या ओट्यावर बसल्या की दाणे एका अंगाला, खडे दुसऱ्या अंगाला आणि फोलपटं थेट शेजारच्या निघोजे गावाच्या वाटेला लागत. लग्नकार्य असो, जागरण असो, बायका पायली-दोन पायली बाजरी घेऊन त्यांच्या दारात यायच्या आणि सुभद्राबाई "ठेव तिथं" असं म्हणायच्या. हे "ठेव तिथं" त्या अशा थाटात म्हणत, की मामलेदारानंही अर्ज घेताना कधी म्हटलं नसेल.

बाई मनानं फार चांगल्या. कुणाच्या घरी आजारपण असलं की कढी घेऊन पहिल्या पोचणार. पण त्यांना एक दुखणं होतं. दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना लागायचं. याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. दुष्ट माणूस दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून झटतो. सुभद्राबाईंना कुणाचंच वाईट नको होतं. चांगलं व्हावं, फक्त आपल्यानंतर व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि देवानं त्यांची परीक्षा घ्यायची ठरवून शेजार दिला होता जमिलाचा.

जमिला म्हणजे किराणा दुकानवाल्या नूरमोहम्मदची बायको. माहेर पनवेलकडचं, मिठागरांच्या बाजूचं. दोन्ही घरांच्या मध्ये छातीएवढी मातीची भिंत. त्या भिंतीवरून गेली बारा वर्षं विस्तव, ताक, कोथिंबीर आणि बातम्या यांची ये-जा चालू होती. जमिला सुभद्राबाईंना "अक्का" म्हणायची, त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायची नाही. भांडायला निमित्तच देत नाही असली शेजारीण मिळणं हा मत्सरी माणसावर केवढा अन्याय! जमिलाच्या शेवग्याला शेंगा आधी लागायच्या. जमिलाच्या कोंबड्या पावसाळ्यातसुद्धा अंडी घालायच्या. "कोंबडीला काय कळतंय," सुभद्राबाई नवऱ्याला म्हणायच्या, "कुटं अंडं घालावं ते!"

त्यांचे यजमान चिमाजी यावर "हूं" म्हणायचे. ते सगळ्यावरच "हूं" म्हणायचे.

छप्पन सालच्या भादव्यात बाजरी फुलोऱ्यात असताना झड लागली. पंधरा दिवस ऊन नाही. कणसांतून मधासारखा चिकटा गळायला लागला. रानात गेलं की हाताला गोड लागायचं, पोरं बोटं चाटायची, माश्या घोंगावायच्या. जुनी माणसं म्हणाली, "चिकटा आलाय, पीक उतरंल." पुढं त्याच कणसांत दाण्याच्या जागी काळपट, उंदराच्या लेंडीसारखं काहीतरी धरलं. पण बाजरी खळ्यावर आली, बैलांच्या पायाखाली मळली गेली, त्या काळ्याचे तुकडे झाले आणि ते दाण्यांत मिसळून गेले. सुभद्राबाईंनी मोठे तुकडे वेचून टाकले. बारीक तुकडा सुपात दाण्याएवढाच जड लागायचा. दाण्याबरोबर उडायचा आणि दाण्याबरोबर परत बसायचा.

कार्तिकात त्यांची लेक इंद्रायणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरून आठवा लागलेला. जावई उद्धवराव पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात कामाला. तिथं बुरशीपासून औषध करतात असं त्यांनी सांगितलं होतं. सुभद्राबाईंनी गावात सांगताना बुरशी गाळली आणि औषध तेवढं ठेवलं.

लेकीसाठी त्यांनी नवी बाजरी तीन-तीनदा घोळली. जात्यावर स्वतः दळली. काथवटीत पीठ मळून चंद्रासारख्या भाकऱ्या थापल्या, वर लोण्याचा गोळा. लेकीनं खाल्ल्या. तासाभरानं ती खांबाला धरून बसली.

"आये, घर फिरतंय."

"घर कशाला फिरंल? तूच फिरली आसशील दिसभर. पड जरा."

मग उलटी झाली. मग अशी गुंगी आली, की हाक मारली तरी डोळे उघडेनात. आठव्या महिन्यात ओकाऱ्या! सुभद्राबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, पित्ताचा काढा दिला, दृष्टीचा दोष तीन बायकांवर वाटून टाकला. गावात आणखीही घरांत घेऱ्या येत होत्या. कुणी उन्हावर ढकललं, कुणी देवीवर. चिमाजी तर रोज तीन भाकऱ्या खाऊन नांगरालाच टेकून झोपत. पण ते नेहमीच झोपत असल्यामुळे त्यांच्या प्रकृतीत बिघाड झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी उद्धवराव सायकलीवरून आले. बायकोचा उतरलेला चेहरा बघून त्यांचाही उतरला.

"मामी," ते म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत हिला बरं वाटलं नाही, तर मी घेऊन जातो. आई करंल बाळंतपण. पिंपरीत डॉक्टरही जवळ हाय."

सुभद्राबाईंच्या काळजात चर्र झालं. पहिलं बाळंतपण सासरी! म्हणजे विहीण कुसुमताई डिंकाचे लाडू वळणार, नातवाला पहिलं न्हाऊ घालणार आणि जन्मभर चारचौघींत सांगणार, "माहेरी जमलं न्हाई हो त्यांना." लेकीची काळजी एका डोळ्यात आणि कुसुमताई दुसऱ्या डोळ्यात, असं त्या आठवड्याचं पाणी वाहिलं.

आणि बुधवारी एक नवल झालं. इंद्रायणी टवटवीत दिसली. गुरुवारी तिनं अंगण झाडलं. सुभद्राबाई काढ्याला श्रेय देणार, तेवढ्यात त्यांना परसात जे दिसलं त्यानं त्या जागीच थिजल्या. जमिलानं भिंतीवरून फडक्यात गुंडाळलेली भाकरी दिली आणि इंद्रायणीनं ती तिथंच उभ्यानं, मिटक्या मारत खाल्ली! घरची भाकरी सकाळी ताटात तशीच होती, ती म्हशीच्या पाटीत पडलेली सापडली.

चोरी झाली असती तर सुभद्राबाईंनी आरडाओरडा केला असता. इथं आरडायचं काय? माझी लेक माझ्या हातची टाकून शेजारणीची भाकरी खाते म्हणून?

"कवापास्नं चाललंय?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मंगळवारपास्नं. आये, रागावू नगंस. जमिलामावशीची खाल्ली की न्हाई फिरत डोकं. तुझी खाल्ली की..."

"माझी खाल्ली की काय?"

इंद्रायणी म्हशीच्या पाटीकडं बघायला लागली. त्या बघण्यानं सुभद्राबाईंना जेवढं लागलं तेवढं उत्तरानं लागलं नसतं.

"बाजरी त्याच रानाची," त्या चिमाजींना म्हणाल्या. "ह्याच खळ्यावरची. मी तीनदा घोळती, ती एकदाबी घोळत न्हाई नीट. सूप धरती ते जणू पोर धरल्यावानी. मग तिची भाकरी ग्वाड आन् माझी कडू?"

"हूं," चिमाजी म्हणाले.

"इचार की जाऊन तिला."

"तूच इचार की."

सरळ विचारायचं! सुभद्राबाईंनी जन्मात जमिलाला काही विचारलं नव्हतं. तिला सांगितलं होतं. त्यांनी दुसरा मार्ग धरला. शुक्रवारी सकाळी शेणी थापण्याच्या निमित्तानं त्या भिंतीतल्या फटीला डोळा लावून वाकून उभ्या राहिल्या. जमिलानं मोठ्या घमेल्यात पाणी घेतलं होतं. पाण्यावर एक बटाटा तरंगत होता. तिनं बाजरी ओतली, हातानं ढवळलं, वर आलेलं काहीतरी ओंजळीनं काढलं. तेवढ्यात नूरमोहम्मदनं हाक मारली, जमिला वळली आणि सुभद्राबाई चटकन खाली शेणीत बसल्या.

एवढंच ना! पाणी आणि बटाटा!

घरी येऊन त्यांनी दार लावलं, घमेलं भरलं, चाकणच्या बाजारचा चांगला बटाटा त्यात सोडला. बटाटा दगडासारखा तळाला गेला. "मेल्याला वर राहायलाबी येत न्हाई," म्हणून त्यांनी बाजरी ओतली, ढवळली. चार फोलपटं वर आली. बाकी सगळी बाजरी खाली, नितळ. सुभद्राबाईंचा जीव भांड्यात पडला. माझ्या सुपातून काही सुटलेलं नाही, हे पाण्यानंच सांगितलं! म्हणजे दोष बाजरीत नाही. जमिला काहीतरी मिसळते, आणि माझ्या लेकीला माझ्यापासून फोडते.

शनिवारी दुपारी, ओट्यावर पाच-सात बायका जमलेल्या असताना, त्यांनी स्वतः निवडलेली पायलीभर बाजरी पाटीत घेतली आणि भिंतीला वळसा घालून जमिलाच्या अंगणात गेल्या. मागोमाग ओटाही गेला. सुमनताई होत्या, कासाराची गुलजार होती, इंद्रायणीही पोट सांभाळत आली.

"जमिला, घमेलं काढ."

"या ना अक्का. काय झालं?"

"तू म्हनं बाजरी पाण्यात घालतीस. माझी घाल. चारचौघींत घाल. माझ्या बाजरीत काय निघालं, तर ह्ये सूप मी जन्मात हातात धरणार न्हाई!"

जमिलानं एकदा इंद्रायणीकडं, एकदा सुभद्राबाईंकडं पाहिलं. मग तिनं घमेल्यात पाणी ओतलं, बटाटा सोडला. तो तळाला गेला. सुभद्राबाई हसल्या. जमिला आत जाऊन जाड्या मिठाची टोपली घेऊन आली आणि मूठ-मूठ मीठ टाकत ढवळायला लागली.

"ह्ये काय?" सुभद्राबाईंचं हसू जरा थांबलं.

"मीठ, अक्का. बटाटा वर येईस्तोवर घालायचं, आन् वर आणखी दोन मुठी. आमच्याकडं भाताचं बी असं निवडतात. साध्या पाण्यात पोचट वर येतच नाही ना."

बटाटा हळूच हलला, उठला आणि डोकं वर काढून पोहायला लागला. सुभद्राबाईंनी आपली पाटी पुढं सरकवली. जमिलानं बाजरी ओतली. ढवळली. पाणी स्थिर झालं.

वर काळं आलं. काळं, जांभळट, तुटक्या तुकड्यांचं. चांगल्या दोन ओंजळी. सगळ्या बायका वाकून बघत होत्या.

जमिलानं चटकन दोन्ही हात पाण्यात घातले. "अय्या, माझंच चुकलं," ती म्हणाली. "घमेलं सकाळचं धुतलंच नव्हतं मी. ही आमच्या बाजरीची घाण. अक्कांच्या बाजरीत कुठली येती?"

सुमनताईंनी सुटकेचा श्वास टाकला. "तरीच! सुभद्राबाईंच्या सुपातनं काय सुटतंय व्हय!"

वाट मोकळी झाली होती. नुसतं "व्हय" म्हणायचं आणि घरी जायचं. सुभद्राबाईंनी जमिलाकडं पाहिलं. घमेलं लखलखीत होतं, त्यांनी स्वतः बघितलं होतं. आपल्यासाठी ही खोटं बोलली, आणि किती सुरेख बोलली! या विचारासरशी त्यांना पुन्हा मत्सर वाटला: मेलीला खोटंसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं येतं.

मग त्यांची नजर इंद्रायणीकडं गेली. ती आईकडं बघत होती आणि तिचा हात पोटावर होता. सुमनताईंच्या काखेत गाठोडं होतं. तेही निवडायलाच आणलेलं. आपल्या सुपावर विसंबून अख्खा गाव ही बाजरी खात होता.

"घमेलं साफ हुतं," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी बघितलंय. ह्यी घाण माझ्या बाजरीतली हाय. मी तीनदा घोळलेल्या बाजरीतली. मी ह्येच लेकीला घातलं, पंधरा दिस."

गुलजारनं लगेच विचारलं, "मग आमच्या घरातबी त्येच व्हय, घेरी येती ती?"

"मग काय देवी येती व्हय तुझ्या घरात, काम न्हाई तिला!" सुभद्राबाई खेकसल्या, आणि खेकसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. "जावा, समद्या आपापली बाजरी घेऊन या. जमिला, पुढं काय करायचं, सांग."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जमिलाला काही विचारलं होतं. विचारलं तेही हुकमासारखं.

जमिलानं सांगितलं. वरचं सगळं काढायचं आणि खड्ड्यात पुरायचं; कोंबड्यांना टाकायचं नाही, म्हशीला घालायचं नाही. खालची बाजरी साध्या पाण्यानं तीनदा धुवायची, मीठ गेलं पाहिजे. मग कडक उन्हात वाळवायची. पेरायचं बीसुद्धा असंच निवडायचं, नाहीतर पुढच्या साली हेच. संध्याकाळपर्यंत गल्लीभर सतरंज्या, घोंगड्या, लुगडी पसरली आणि त्यांवर बाजरी वाळत पडली. नूरमोहम्मदच्या दुकानातलं मीठ दुपारीच संपलं. "चांगलीच चालली म्हणायची यांची दुकानदारी," असं सुभद्राबाईंनी म्हटलं. पण हळू म्हटलं.

रविवारी उद्धवराव आले. येताना बरोबर बैलगाडी घेऊन आले होते, म्हणजे बेत पक्का होता. पण दारात इंद्रायणी हसत उभी. त्यांना परसात जेवायला बसवलं. ताटात भाकरी पडली. ते खात होते आणि सासू चुलीपाशी, जमिला भिंतीपलीकडं, अशा दोघी त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या.

"काय झालं, मामी?" उद्धवराव घास थांबवून म्हणाले.

"काय न्हाई. खावा. डोस्कं फिरतंय का?"

"न्हाई."

"आता?"

"आवो, न्हाई!"

हकीगत कळल्यावर त्यांनी पुरलेल्यातलं थोडं उकरून बघितलं. "बुरशीच हाय ही, मामी," ते म्हणाले. "आमच्या कारखान्यात एका बुरशीचं औषध होतं. ही तिची वाईट बहीण." मग ते बाहेर जाऊन गाडीवानाला म्हणाले, "सोड बैल. रिकामीच न्यायची हाय."

सुभद्राबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि धूर फार झाला म्हणून चुलीला शिव्या दिल्या.

परत येऊन उद्धवरावांनी आणखी अर्धी भाकरी मागितली. "भाकरी मात्र फक्कड झालीय. कुणी केली?"

भिंतीपलीकडं जमिला खाली बघत होती. सुभद्राबाईंनी अर्धी भाकरी वाढली, वर लोणी घातलं आणि बराच वेळ तवा नीट केला.

"धुतली तिनं, थापली मी," अखेर त्या म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "धुवायला काय लागतंय म्हना. मीठ आसलं की झालं."