बुंदीचा चार्ज

श्रीकांत वझलवार बरखेड्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं टेस्टिंगला होते. तपासल्याशिवाय त्यांनी एकही मशीन फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही, आणि स्वतःही फारसे गेले नाहीत. सासुरवाडी नागपूरची, गाडीनं सहा तास. पण भावाचं लग्न, भाच्यांच्या मुंजी, आईचं अखेरचं दुखणं, सगळीकडे बायको नलिनीबाई एकट्याच गेल्या. मांडवात कोणीतरी विचारायचंच, जावई नाही आले? मग थोरली बहीण लीला परस्पर सांगून टाकायची, "आहेत की, कारखान्यात. आमच्या नलूला पगारापुरता नवरा मिळालाय." लोक हसायचे. नलिनीबाईही हसायच्या. त्याचाही हळूहळू सराव होतो.

रिटायर झाल्यावर जोडीनं जायचं, असं ठरलं होतं. रिटायर झाले, तेवढ्यात मुलगा हेमंत वर्षभरासाठी साइटवर गेला. तोही त्याच कारखान्यात. क्वार्टर आता त्याच्याच नावावर. बायको-मुलगी बरोबर गेल्या आणि सात वर्षांच्या सानिकाचा हॅमस्टर मागे राहिला. मुठीएवढा, केशरी, नाव बुंदी. जाताना सानिका म्हणाली, आजोबा, नीट सांभाळा हं. 'नीट' हा शब्द आपण कोणाला सांगतोय याची त्या लेकराला काय कल्पना.

आठ दिवसांत पिंजरा बदलला. दुकानदारानं दिलेला म्हणे बुटांच्या खोक्याएवढा होता. नवा आला तो दिवाणाच्या अर्ध्या लांबीचा. चाकाला तारांच्या दांड्या होत्या, त्यात पाय अडकून मोडतो, म्हणून सपाट पाट्याचं चाक आलं. तळाशी वीतभर भुसा, बिळं करायला. पाण्यानं अंघोळ घालायची नाही. वाळूची थाळी ठेवायची, तो आपला आपण लोळतो. दिवसा झोपतो, म्हणून दिवसा टीव्ही बंद. फोडणीही जरा बेतानं घालावी, असं एकदा सुचवून पाहिलं गेलं. कांदा, लसूण आणि संत्रं त्याला वर्ज्य. नागपूरच्या लेकीच्या घरी संत्र्याला बंदी आली. का तर फोड चुकून पिंजऱ्याजवळ पडेल.

हे सगळं एका कार्डावर तारीखवार लिहून पिंजऱ्याला टांगलेलं असे, मशीनला टांगतात तसं. सगळं बरोबरच होतं. बुंदी टुणटुणीत होता. नलिनीबाईंचं त्याच्याशी वैर नव्हतं. तो दोन्ही हातांत काकडीचा तुकडा धरून खायचा, तेव्हा त्यांनाही गंमत वाटायची. फक्त मे महिन्यात घरातला एकुलता कूलर मधल्या खोलीत गेला, थेट झोत लागू नये म्हणून पिंजऱ्यापासून चार हात लांब, आणि त्रेचाळीस डिग्रीत पोळ्या लाटताना त्यांच्या मनात आलं की आपणही मुठीएवढ्या असतो तर बरं झालं असतं.

त्याच मे महिन्यात लीलाताईंची किडनी गेली. फोनवर आवाज चिरका झाला होता, पण जीभ तीच. "नलू, या वेळी जोडीनं ये. जाण्याआधी एकदा बघू दे, तुला खरंच नवरा आहे की नाही ते."

श्रीकांतरावांनी लगेच हो म्हटलं. स्वतः हबीबगंज स्टेशनवर जाऊन मंगळवारची दोन तिकिटं काढून आणली. नलिनीबाईंनी त्यांचे दोन शर्ट इस्त्री केले. प्रश्न राहिला बुंदीचा, आणि तो शेजारच्या वासंतीबाईंनी सोडवला. त्या इंदूरच्या, मोकळ्या स्वभावाच्या. "चार दिवसांची तर बात आहे, भाऊजी. दाणा-पाणी करून टाकीन मी."

'करून टाकीन' ऐकल्यावर श्रीकांतरावांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षांत त्यांनी कोणाला असा तोंडी चार्ज दिला नव्हता. नवा माणूस आधी सोबत उभा राहणार, मग आपल्या देखत काम करणार, मग आपण नसताना करणार आणि आपण येऊन तपासणार. त्यांनी मंगळवारची तिकिटं पुढच्या सोमवारवर नेली आणि वासंतीबाईंचं ट्रेनिंग सुरू झालं. पहिल्या दिवशी त्यांनी काकडी न पुसता दिली. दुसऱ्या दिवशी झोपलेल्या बुंदीला बोटानं ढोसलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊजी, आहे तर चूहाच ना शेवटी?" आणि ट्रेनिंगचा एक दिवस वाढला.

गुरुवारी लीलाताईंचा मुलगा प्रकाश फोनवर म्हणाला, मावशी, जमलं तर लवकर ये. नलिनीबाईंनी तसं नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "अगं, सोमवारी निघतोच आहोत. सानिकाला काय तोंड दाखवू?" नलिनीबाई त्याच रात्रीच्या गाडीनं एकट्या जाऊ शकत होत्या. आयुष्यभर तशाच गेल्या होत्या. पण ताईनं जोडीनं बोलावलं होतं, आणि एकदा, एकदाच, त्यांना तसं जायचं होतं. म्हणून त्या थांबल्या. ही चूक मात्र त्यांची स्वतःची.

रविवारी संध्याकाळी वासंतीबाई पास झाल्या. सोमवारी सकाळी सहाला प्रकाशचा फोन आला. आई पहाटेच गेली. उन्हाळा आहे, मावशी, फार वेळ ठेवता येणार नाही.

श्रीकांतराव दोन्ही बॅगा घेऊन दारात उभे राहिले. डोळे ओले होते त्यांचे, ते खोटं नव्हतं. म्हणाले, "चल. वासंतीबाई सगळं करतील आता, काळजी नाही."

नलिनीबाईंनी त्यांच्या हातातून आपली बॅग तेवढी घेतली. "तुम्ही राहा," त्या म्हणाल्या. "जिला दाखवायचं होतं ती गेली. आता तिथं कोणाला दाखवू तुम्हाला?"

श्रीकांतरावांनी आपली बॅग खाली ठेवली. रिक्षापर्यंत आले, तिकिटं हातात दिली, पाण्याची बाटली नीट बंद आहे ना ते पाहिलं.

गाडीनं हबीबगंज सोडलं आणि टीसी आला. शेजारच्या मोकळ्या सीटकडे पेन दाखवून त्यानं विचारलं, "माताजी, ये साथ वाले?"

"नहीं आए," नलिनीबाई म्हणाल्या.

त्यानं खूण केली आणि दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या एका जाड्या गृहस्थांना ती जागा दिली. ते बसले, बूट काढले आणि इटारसी यायच्या आत नलिनीबाईंच्या खांद्यावर मान टाकून घोरू लागले. नलिनीबाईंनी त्यांना उठवलं नाही.